अठ्ठ्याऐंशी नंबरचं कार्ड

रुग्णालयात तिला सगळे तारीखबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण असली नावं जिची असतात तिच्या कानावर सगळ्यात आधी जातात. जिन्यात, लिफ्टमध्ये, चहाच्या खिडकीपाशी, कुणीही भेटो, ती आधी विचारायची, "तारीख सांगा." ती समोरून येताना दिसली की रंगारी वाट बदलायचे. एका प्लंबरनं तर तिला चुकवायला झाडूवाल्यांच्या खोलीत पाच मिनिटं काढली होती आणि बाहेर आला तेव्हा ती दाराशीच उभी होती, हातात डायरी घेऊन.

तिचं काम नियोजनाचं. रुग्णालयात नवं काही उभं राहायचं असलं, की त्यात किती कामं, कुठलं आधी, कुठलं नंतर, कोण करणार, कधी संपणार, हे सगळं ती मांडायची आणि मग ते तसंच होतंय ना यावर डोळ्यात तेल घालून बसायची. बावीस वर्षं ती हेच करत होती. त्यातल्या पहिल्या चार वर्षांत तिनं लोकांच्या शब्दावर विश्वास ठेवला. "काम कुठवर आलं?" म्हटलं की सगळे म्हणायचे, "नव्वद टक्के झालं." पुढच्या आठवड्यात नव्वद, त्याच्या पुढच्याही आठवड्यात नव्वद. असं नव्वद टक्के तयार झालेल्या एका खोलीत एक्स-रेचं मशीन न्यायला गेले तेव्हा कळलं, की दार मशीनपेक्षा चार बोटं अरुंद आहे. भिंत फोडावी लागली. त्या दिवसापासून टक्क्यांचा तिला तिटकारा आला. काम झालंय किंवा झालेलं नाही, तिसरं काही तिला ऐकायचंच नसे.

मग तिनं कार्डं आणली. पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड, एक बाजू लाल, दुसरी हिरवी. लाल बाजूवर कामाचं नाव, करणाऱ्याचं नाव, तारीख. कार्ड भिंतीवरच्या मोठ्या बोर्डावर लाल बाजू पुढे करून लावायचं. काम पुरं झालं की करणाऱ्यानं स्वतः यायचं, लाल बाजूवर सही करायची आणि आपल्या हातानं कार्ड उलटायचं. हिरव्या बाजूवर फक्त नंबर. ज्याचं काम त्याचाच हात, हा तिचा नियम. विभागप्रमुख असला तरी दुसऱ्याचं कार्ड उलटायचं नाही. सुरुवातीला लोक हसले, पण हळूहळू त्यांना त्याची सवय लागली. इतकी, की कुठे काय झालं हे एकमेकांना विचारायचंच लोकांनी सोडलं. जाता जाता बोर्डाकडे पाहायचे. बोर्ड म्हणतोय झालं, म्हणजे झालं.

घरीही तिनं हेच चालवलं होतं. फ्रिजच्या दारावर चुंबकानं लावलेली छोटी कार्डं: विजेचं बिल, मुलीच्या दातांची तपासणी, गच्चीवरची पाण्याची टाकी धुणे. टाकी नवऱ्याकडे. नवरा शाळेची बस चालवायचा, स्वभावानं मऊ, कामाला तयार, पण जरा उद्यावर टाकणारा. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी त्यानं टाकी न धुताच कार्ड उलटलं. मंगळवारी तिनं सहज मागची बाजू पाहिली तर सही नाही. तो निमूट वर गेला, टाकी धुऊन आला, सही केली आणि म्हणाला, "दोन दिवस उशीर झाला, इतकंच. बिघडलं काय?" त्यावर ती तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही. मुलगी मधल्या मध्ये निरोप पोचवून कंटाळली. त्यानंतर मात्र त्यानं एकदाही टाकी चुकवली नाही, आणि आपल्या अबोल्यात केवढी ताकद आहे याचा तारीखबाईंना मनातून थोडा गर्व होता.

अशी ही बाई. आणि तिच्या हातून ते झालं.

नवी इमारत उभी राहिली होती. सगळे विभाग एकेक करून हलले होते, शेवटचा राहिला होता नवजात बाळांचा. सात बाळं, काचेच्या पेट्यांतली, श्वासासाठी यंत्रावर. प्रत्येक पेटीबरोबर एक लहान सिलिंडर, तो वीस मिनिटं पुरतो. तेवढ्यात बाळ जुन्या इमारतीतून जोडरस्त्यानं नव्या इमारतीत न्यायचं आणि तिथल्या भिंतीतल्या ऑक्सिजनच्या तोटीला जोडायचं. त्यासाठी एकशे बेचाळीस कार्डं होती. शनिवारी सकाळी नऊची वेळ ठरली होती.

त्या आठवड्याच्या सोमवारी विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष पाहणीला यायचे होते. ते यायला दहा मिनिटं असताना प्रकल्पप्रमुख बोर्डापाशी आला. हुशार माणूस, तिच्यापेक्षा वयानं लहान, कायम घाईत. बोर्डावर हिरव्या रांगांमध्ये दोनच लाल कार्डं होती. एक लिफ्टचं, एक अठ्ठ्याऐंशी नंबरचं: ऑक्सिजनच्या नव्या पाइपमध्ये दाब चोवीस तास टिकतो का, याची चाचणी.

"ही दोन कधी?" त्यानं विचारलं.

"लिफ्ट आज संध्याकाळी. चाचणी उद्या सुरू होऊन परवा."

"म्हणजे होणारच आहेत. बाई, तेवढी उलटा ना. ते दोन डाग बघून अर्धा तास त्यांच्याच चौकशीत जाईल. ते गेले की पुन्हा लावा हवं तर."

तिनं नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण खाली गाडीचं दार वाजलं, जिन्यावर पावलं आली, प्रमुखानं हात जोडल्यासारखं केलं आणि तिनं दोन्ही कार्डं उलटली. अध्यक्षांनी बोर्ड पाहून "वा" म्हटलं. मग ते तीन तास थांबले. मग रुग्णवाहिकांची बैठक झाली. संध्याकाळी लिफ्टवाल्यानं येऊन आपलं कार्ड काढलं, सही केली, परत लावलं. अठ्ठ्याऐंशी तसंच राहिलं. मंगळवारी सकाळी तिनं रोजच्यासारखा बोर्डावर डोळा फिरवला. लाल कुठेच नव्हतं. अठरा वर्षं तिनं डोळ्याला एकच शिकवलं होतं, लाल शोध. हिरव्यावर तो थांबलाच नाही.

शनिवारी साडेसातला ती एकटीच बोर्डापुढे होती. काम संपलं की कार्डं नंबरवार काढून पेटीत ठेवायची, हा तिच्या आवडीचा सोहळा. एक, दोन, तीन. मागच्या सह्या वाचत वाचत ती कार्डं रचत होती. कुणाची लांबलचक शेपटीची सही, कुणाचं नुसतं एक अक्षर. अठ्ठ्याऐंशी हातात आलं. लाल बाजूवर कामाचं नाव होतं, तारीख होती आणि सहीची जागा कोरी होती.

 क्षणभर तिला खरंच आठवेना, की हे कुणी उलटलं. मग आठवलं.

तिनं गॅस फिटरला बोलावलं. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. कार्ड पाहून तो गोंधळला.

"मी मंगळवारी दाब मोजायचं गेज घेऊन आलो होतो," तो म्हणाला. "बोर्डावर हिरवं दिसलं. मला वाटलं, पाइप टाकणाऱ्या कंपनीच्या माणसांनी सोमवारीच उरकलं. मग मी वरच्या मजल्यावर गेलो."

"विचारलं नाहीत कुणाला?"

तो तिच्याकडे बघत राहिला. "बाई, बोर्डावर असल्यावर विचारायचं कशाला?"

हे वाक्य तिनंच त्याला शिकवलं होतं. 

सव्वाआठला दोघं प्रमुखाच्या खोलीत उभी होती. त्यानं कार्ड उलटसुलट पाहिलं आणि दार लावून घेतलं.

"तोट्यांतून ऑक्सिजन येतोय ना? सिस्टरनी स्वतः तपासलंय."

"येतोय," फिटर म्हणाला. "टिकतो का, ते बघितलेलं नाही. कुठे बारीक गळती असली तर आज कळणार नाही. चार तासांनी कळेल, रात्री कळेल."

"तासाभराची चाचणी घ्या."

"तासाभरात मोठं भोक कळतं, साहेब. बारीक नाही."

प्रमुख खिडकीपाशी गेला. खाली जोडरस्त्यावर दोऱ्या बांधून वाट मोकळी केली होती. बाहेरगावाहून आलेले दोन बालतज्ज्ञ चहा घेत उभे होते. सोमवारी जुन्या इमारतीचं पाडकाम सुरू व्हायचं होतं.

"सगळ्या मजल्यांवर त्याच माणसांनी पाइप टाकलेत. सगळे पास झाले. हाही असणार." मग तो फिटरला म्हणाला, "तुम्ही जरा बाहेर थांबा." फिटर गेल्यावर त्यानं आवाज खाली आणला. "बाई, थांबवलं तर पहिला प्रश्न येईल, हे उलटलं कुणी. अठरा वर्षांत तुमच्या बोर्डावर कुणी बोट ठेवलेलं नाही. आजच ठेवू द्यायचंय का?"

"तुम्ही सांगितलं होतंत, सर."

"मी काय सांगितलं ते मला आठवत नाही," तो म्हणाला, आणि हे बोलताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. "हात तुमचा होता."

ते खरंच होतं. तिला त्याचा राग आला, पण त्या रागाला पाय रोवायला जागा नव्हती. नियम तिचा होता आणि मोडलाही तिनंच होता. अध्यक्षांची गाडी, तीन तासांची पाहणी, रुग्णवाहिकांची बैठक, ही सगळी कारणं खरी होती आणि एकाचाही उपयोग नव्हता. अशी कारणं सांगणाऱ्यांना तिनं किती वेळा उभ्या उभ्या झाडलं होतं.

पावणेनऊला बोर्डापुढे सगळे जमले. रुग्णालयाची एक रीत होती, तीही तिनंच घातलेली. मोठ्या कामाआधी गोल करून उभं राहायचं, एकेकानं "तयार" किंवा "थांबा" म्हणायचं. एकानं जरी थांबा म्हटलं तरी काम थांबतं, मग तो सफाईवाला का असेना. नियोजनाचा आवाज शेवटचा. बावीस वर्षांत तिनं कधी थांबा म्हटलेलं नव्हतं, कारण तशी वेळ येऊच द्यायची नाही, यातच तिची मिजास होती.

"वीज?" प्रमुखानं सुरुवात केली.

"तयार."

"लिफ्ट?"

"तयार."

"रुग्णवाहिका आणि सिलिंडर?"

"तयार."

"नवजात विभाग?"

मोठ्या सिस्टर पुढे झाल्या. ठेंगणी, करड्या केसांची बाई, रात्रपाळी करून न झोपता थांबलेली. "तयार. सातही बाळं स्थिर आहेत. तीन नंबरचं काल दूध प्यायलंय." हे शेवटचं सांगायची काही गरज नव्हती, पण त्यांना सांगावंसं वाटलं.

"गॅस?"

फिटरनं तारीखबाईंकडे पाहिलं. मग प्रमुखाकडे.  प्रमुखानं घड्याळ पाहत पुढचं नाव घेतलं. "नियोजन?"

तिच्या खिशात ते कार्ड होतं, त्याचा कोपरा तळहातात टोचत होता.

"थांबा," ती म्हणाली.

खोलीत चुळबुळ झाली. कुणाला वाटलं, ती "जरा एक मिनिट थांबा" अशा अर्थानं म्हणतेय. मोठ्या सिस्टर मात्र तिच्याकडे टक लावून पाहत होत्या.

"कशासाठी?"

"ऑक्सिजनच्या पाइपची चोवीस तासांची चाचणी झालेली नाही."

"कार्ड हिरवं होतं," सिस्टर म्हणाल्या. "मी रोज बघत होते."

प्रमुख चटकन पुढे सरकला. "गॅसवाल्यांकडून नजरचूक झालीय. त्यांच्याकडे लेखी खुलासा मागू. सध्या आपण—"

फिटरनं मान खाली घातली.  असल्या जागी आपण बोललो तर कुणी ऐकत नाही, याची त्याला जन्माची सवय होती. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर गेल्या आणि तारीखबाईंच्या लक्षात आलं, की आता गप्प राहिलं की सुटलो. काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. चाचणीही झाली असती, बाळंही सुखरूप राहिली असती आणि बोर्डही. फक्त या माणसाच्या गळ्यात ते पडलं असतं.

"त्यांनी नाही उलटलं," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "कार्ड मी उलटलं. सोमवारी, पाहणीच्या आधी. काम झालेलं नसताना. त्यांना हिरवं दिसलं म्हणून ते परत गेले. चूक त्यांची नाही, माझी आहे."

प्रमुख भिंतीकडे बघत राहिला. त्यानं तोंड उघडलं असतं तर बरं झालं असतं, पण त्यानं ते उघडलं नाही आणि तिनंही त्याचं नाव घेतलं नाही.

मोठ्या सिस्टर जवळ आल्या. त्यांचे डोळे जागरणानं लाल झाले होते. त्या ओरडल्या असत्या तर तिला सोसलं असतं.

"आणखी किती?" त्यांनी विचारलं.

"लिफ्टचं. पण त्याच संध्याकाळी ते झालं, त्यावर सही आहे."

"हे तुम्ही म्हणताय." सिस्टर वळल्या आणि सगळ्यांना म्हणाल्या, "सगळी कार्डं काढा. लाल बाजू वर करून टेबलावर मांडा. मी एकेक सही वाचणार आहे."

मग पुढचा दीड तास, ज्या माणसांनी बारा महिने त्या बोर्डावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता, ती माणसं तिच्यादेखत एकेक कार्ड उलटून पाहत होती. ही सही कुणाची, बोलवा त्यांना. हे काम तुम्हीच केलंत का, कधी केलंत. ती भिंतीशी उभी राहिली. तिला कुणी बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. प्लंबर, तोच झाडूवाल्यांच्या खोलीत लपलेला, आपल्या सहीवर बोट ठेवून म्हणाला, "माझीच आहे," आणि तिच्याकडे न बघता निघून गेला. एकशे एक्केचाळीस सह्या निघाल्या. त्यानं तिची लाज कमी झाली नाही.

साडेदहाला फिटरनं पाइपची दोन्ही टोकं बंद केली, दाब भरला, गेज लावलं आणि काचेवर जिथे काटा होता तिथे पेननं बारीक रेघ ओढली. दिवसभर ती दोघं पाइपांच्या अरुंद खोलीत स्टुलांवर बसली. दर तासाला तो आकडा लिहायचा, ती सही करायची. दुपारी त्यानं आपला डबा उघडून अर्धा तिच्यापुढे सरकवला.

"तुम्ही बोलला नसता तरी चाललं असतं," तो म्हणाला. "मला काय, एक खुलासा लिहावा लागला असता."

"चाललं नसतं."

"तुमची नोकरी जाईल का हो?"

"माहीत नाही."

काटा रेघेवर होता. तिला एक विचित्र इच्छा होत होती आणि तिची तिलाच भीती वाटत होती: हा काटा जरासा हलावा. दोन केस इतका. म्हणजे सगळ्यांना कळेल, की थांबवलं ते बरं झालं. मग तिला सात पेट्या आठवायच्या आणि ती नजर काट्यावर घट्ट रोवून ठेवायची, जणू तिच्याच मनातल्या इच्छेनं तो सुटेल.

संध्याकाळी फिटरचा माणूस आला आणि फिटरनं तिला घरी पाठवलं. नवऱ्यानं काही विचारायच्या आत ती म्हणाली, "उद्या सांगते."

रविवारी साडेदहाला प्रमुख आला, मोठ्या सिस्टर आल्या. चौघांनी वाकून पाहिलं. काटा रेघेवर होता. चोवीस तासांत तो तसूभरही हलला नव्हता.

"बघा," प्रमुख म्हणाला. आता त्याचा आवाज मोकळा झाला होता. "एक अख्खा दिवस गेला, माणसं अडकून पडली. बिघडलं काय होतं?"

 फिटरनं खिशातून पेन काढलं, अठ्ठ्याऐंशी नंबरच्या कार्डावर सावकाश सही केली, खाली वेळ घातली आणि कार्ड स्वतः उलटलं. मोठ्या सिस्टरनी ते पुन्हा उलटून सही वाचली आणि मग म्हणाल्या, "आता माझी बाळं हलतील."

सात पेट्या जोडरस्त्यानं गेल्या. तारीखबाई दूर खांबाशी उभी होती. प्रत्येक पेटीबरोबर सिस्टर तिच्यासमोरून सात वेळा गेल्या, सात वेळा परत आल्या. पहिल्या सहा खेपांत एकदाही त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. शेवटच्या खेपेला पाहिलं, आणि मान हलवली की नुसतीच फिरवली, हे तिला सांगता आलं नसतं. निघताना प्रमुखानं पत्र दिलं. चौकशी होईपर्यंत बोर्ड दुसऱ्याकडे, तिनं उद्यापासून भांडारात बसायचं.

घरी आल्यावर तिनं पत्र टेबलावर ठेवलं आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. सोमवारपासून. काही गाळलं नाही. तिला वाटलं होतं, तो म्हणेल, आता कळलं ना. तीन दिवसांचा तो अबोला त्याला काढून दाखवायचा पुरेपूर हक्क होता. तो बराच वेळ टेबलावरचा एक डाग नखानं खरवडत राहिला.

"आणि काटा हललाच नाही," ती म्हणाली. "एवढं करून काही बिघडलेलं नव्हतंच."

"टाकीचं तुला एक सांगायचं राहिलंय," नवरा म्हणाला.

तिनं वर पाहिलं.

"त्या मंगळवारी वर गेलो ना, टाकीचं झाकण सरकलेलं होतं. आत पारवा मरून पडला होता. फुगलेला. कधीचा होता कोण जाणे. रविवारी गेलो असतो तर तेव्हाच दिसला असता." "तुला कसं सांगू कळेना. म्हणून म्हणालो, बिघडलं काय. दोन दिवस आपण तिघं तेच पाणी प्यायलो. पोरीनं शाळेत बाटली भरून नेली होती. मी रोज रात्री तिच्या कपाळाला हात लावून बघायचो."

"काही झालं नाही तिला."

"नाही झालं. पण टाकीत पारवा होता."

 हसावं का रडावं हे तिला कळेना, आणि मग दोन्ही थोडं थोडं झालं. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळानं ती उठली आणि फ्रिजपाशी गेली. टाकीचं कार्ड हिरवं होतं. तिनं ते उलटलं. मागे त्याची वेडीवाकडी सही होती, तारीख होती आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ, जी लिहायला तिनं कधीच सांगितलं नव्हतं: झाकण लावलं, वर दगड ठेवला. आधीच्या महिन्यांची कार्डं खणात होती. तिनं तीही काढली. प्रत्येकावर ती ओळ होती. दोन वर्षं तिनं नुसती सही आहे की नाही एवढंच पाहिलं होतं, खालचं वाचलंच नव्हतं.

तिनं कार्ड परत लावलं, नळाखाली पेला धरला, पाण्याकडे एकदा नीट पाहिलं आणि प्यायली. मग दुसरा पेला भरून नवऱ्यापुढे ठेवला.